विश्लेषण : महात्मा फुले पुणे नगरपालिकेत काय करत होते? आजच्या तरुणांशी त्याचा संबंध काय?

विमानतळ, मेट्रो आणि नव्या वसाहतींमुळे पनवेल झपाट्याने बदलत आहे. स्मार्ट, पर्यावरणपूरक शहराच्या नियोजनात तरुणांना सामील करून घ्यावे, असे आता सगळेच म्हणतात. पनवेलच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे, त्या महात्मा फुले यांनी हे काम दीडशे वर्षांपूर्वी, निमंत्रणाची वाट न पाहता सुरू केले होते.

सुरुवात कोणत्या वयात?

जोतीरावांचा जन्म 1827चा. पुण्याच्या भिडे वाड्यात 1848 मध्ये मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा ते विशी-एकविशीत होते; शिकवणाऱ्या सावित्रीबाई 17 वर्षांच्या. या कामापायी दोघांना घर सोडावे लागले. दिवसभर राबणाऱ्यांसाठी 1855 मध्ये त्यांनी रात्रशाळा काढली. त्याच वर्षी त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. शहर कोणासाठी चालते, हा प्रश्न एका शाळकरी मुलीने विचारला होता.

पाण्याचा प्रश्न काय होता?

पुण्यात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळाने पाणी येई आणि ते ठिकठिकाणच्या हौदांत पडे. यंत्रणा उत्तम होती, पण अस्पृश्यांना हौदाला हात लावता येत नसे. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा हौद त्यांना खुला केला. पाणी शहरात आणणे आणि ते प्रत्येकाला मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून दिसले.

नगरपालिकेत भूमिका काय?

जोतीराव व्यवसायाने कंत्राटदारही होते. मुळा-मुठेवरील धरणाच्या बांधकामाला त्यांनी साहित्य पुरवले होते. 1876 ते 1882 या काळात ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधात एकट्या जोतीरावांचे मत पडले. तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. शहरात दारूची दुकाने वाढू लागली, तेव्हा त्याविरुद्धही त्यांनी नगरपालिकेला लेखी कळवले.

पर्यावरणाचा विचार होता का?

होता. 1883च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी ताली आणि बंधारे बांधून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, असे सुचवले. त्यासाठी लष्कर आणि पोलिसांतील फावल्या मनुष्यबळाचा उपयोग करावा, असेही मांडले. त्याआधी, 1882 मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात 12 वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी त्यांनी केली होती. 1890 मध्ये त्यांचे निधन झाले.

पनवेलसाठी याचा अर्थ काय?

पनवेलची नगरपालिका 1852 ची. महापालिका 2016 मध्ये झाली. जुन्या शहराला महापालिकेच्या देहरंग धरणातून पाणी मिळते. हे पाणी कोणत्या भागाला किती, वडाळे तलावाची निगा कशी, अर्थसंकल्पातील पैसा सुशोभीकरणाला की शाळेला, हे प्रश्न जोतीरावांच्या पुण्यातील प्रश्नांहून फार वेगळे नाहीत. चित्रकला स्पर्धा आणि सेल्फी पॉइंटपुरता युवा सहभाग या प्रश्नांपर्यंत पोहोचत नाही.

जोतीरावांना नगरपालिकेत जागा मिळाली ती 49व्या वर्षी, पहिल्या शाळेनंतर 28 वर्षांनी. आज 18व्या वर्षी मतदान करता येते आणि 21व्या वर्षी नगरसेवकपदाची निवडणूक लढवता येते. जोतीरावांनी शाळा काढली, ते साधारण याच वयात.