रोसिनान्तेचा स्वार

कॅलिफोर्नियातील सॅलिनास या गावी लेखक जॉन स्टाइनबेक याच्या नावे एक संग्रहालय आहे. हस्तलिखिते, छायाचित्रे आणि पुस्तकांच्या आवृत्त्या पाहत पाहत प्रेक्षक एका हिरव्या ट्रकपाशी येतो आणि तिथेच रेंगाळतो. ट्रकच्या पाठीवर एक चिमुकले घर बसविलेले आहे. घरात बिछाना आहे, टेबल आहे, शेगडी आहे. नोबेल पारितोषिकाचा हा मानकरी 1960 मध्ये याच वाहनातून आपला देश पुन्हा पाहावयास निघाला होता.

स्टाइनबेकचा जन्म याच सॅलिनासमध्ये 27 फेब्रुवारी 1902 रोजी झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो अधूनमधून शिकला. पदवी मात्र त्याने घेतली नाही. शेतमळ्यांवर त्याने मजुरी केली, पडेल ते काम केले आणि लिहीत राहिला. पहिली काही पुस्तके फारशी कोणाच्या लक्षातही आली नाहीत. त्याच्या आयुष्याला खरे वळण लागले ते 1936 मध्ये. सॅन फ्रान्सिस्कोतील एका दैनिकाने त्याच्यावर स्थलांतरित शेतमजुरांविषयी लेखमाला लिहिण्याची कामगिरी सोपविली. त्यासाठी त्याने बेकरीची एक जुनी मालमोटार घेतली, तीत अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची जुजबी भांडी टाकली आणि मजुरांच्या छावण्यांची वाट धरली. दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेली ओक्लाहोमाकडील कुटुंबे तिथे ताडपत्र्यांखाली राहत होती. अशा माणसांच्या दारात झकपक मोटारीतून उतरणे त्याला प्रशस्त वाटले नसावे.

या अनुभवातून 1939 मध्ये ‘द ग्रेप्स ऑफ रॅथ’ ही कादंबरी जन्माला आली. तिच्यातील जोड कुटुंब एक जुनी हडसन मोटार विकत घेते, तिचे टप कापून मागे फळ्यांचा हौदा बसविते आणि आजी-आजोबांसह सारा संसार त्यात रचून पश्चिमेची वाट धरते. कोणती वस्तू घ्यायची, कोणती मागे टाकायची याचा त्या घरात चाललेला हिशेब वाचताना आजही मन जड होते. कादंबरीवर गदारोळ उठला. काही ठिकाणी तिच्यावर बंदी आली, तर पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्यानंतरची दोन दशके कीर्तीची आणि संपत्तीची होती. स्टाइनबेक न्यूयॉर्कला स्थायिक झाला आणि सॅग हार्बर येथे समुद्रकाठी त्याने घर घेतले. मात्र ज्या देशाविषयी आपण लिहितो तो देश आपण गेल्या अनेक वर्षांत पाहिलेलाच नाही, ही रुखरुख त्याला लागून राहिली. त्यातच 1959 च्या अखेरीस प्रकृतीने त्याला मोठा हिसका दिला. आता जपून राहा, असा सल्ला अठ्ठावन्नाव्या वर्षी मिळू लागलेला हा माणूस एकट्याने मोहिमेवर निघण्याचे बेत आखू लागला.

हॉटेलात उतरावे तर वहीत नाव लिहावे लागणार आणि नाव लिहिले की ओळख फुटणार. म्हणून घरच बरोबर न्यावे, असे त्याने ठरविले. त्याने थेट ट्रक बनविणाऱ्या कंपनीच्या मुख्यालयाला पत्र लिहून आपली गरज कळविली. जीएमसीचा पाऊण टन क्षमतेचा पिकअप ट्रक, त्यावर वुल्व्हरीन कंपनीने बनविलेली कॅम्परची खोली, असा जोड ऑगस्टमध्ये त्याच्या दारी आला. आजच्या काही कॅम्परचे छत मुक्कामी वर उचलता येते, तशी सोय यात नव्हती. छत पक्केच होते. रचनेचा नमुना मात्र स्टाइनबेकच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होता, लहान बोटीच्या केबिनचा. तो स्वतः बोट चालवीत असे. इंचन्‌इंच जागा कशी वापरावी, हे त्याला कोणी शिकविण्याची गरज नव्हती.

आत दोघांपुरता बिछाना, चार बर्नरची शेगडी, ब्युटेन वायूवर चालणारे हीटर, फ्रीज आणि दिवे, रासायनिक शौचकूप, कपड्यांचे कपाट, खिडक्यांना डासांच्या जाळ्या अशी व्यवस्था होती. जनित्र मुद्दाम मोठ्या ताकदीचे घेतले होते. त्याची सर्वांत गमतीची युक्ती कपडे धुण्याची. झाकणाची प्लॅस्टिकची बादली रबरी दोरीने कपाटात टांगायची, तीत पाणी, साबण आणि मळके कपडे घालायचे आणि निघायचे. रस्त्याच्या धक्क्यांनी बादली दिवसभर हिंदकळत राही आणि मुक्कामापर्यंत कपडे धुऊन निघत. सामान मात्र त्याने वारेमाप भरले. पुस्तके, कागद, हत्यारे, डबाबंद अन्न यांचा डोंगर झाला. शिकारीला निघाल्याचा देखावा करण्यासाठी बंदुकाही घेतल्या. या भाराने टायरांना जेरीस आणले, हे त्याने पुढे पुस्तकात मोकळेपणाने मान्य केले आहे.

मित्रांच्या थट्टेला उत्तर म्हणून त्याने ट्रकला रोसिनान्ते हे नाव दिले. डॉन किहोतेच्या मरतुकड्या घोड्याचे हे नाव. 23 सप्टेंबर 1960 रोजी चार्ली नावाच्या पूडल कुत्र्यासह तो निघाला. मेन, शिकागो, मॉन्टाना, सिएटल, सॅलिनास, टेक्सास असा सुमारे 10 हजार मैलांचा फेरा झाला. न्यू ऑर्लिन्समध्ये गोऱ्यांच्या शाळेत प्रवेश मिळालेल्या चिमुकल्या कृष्णवर्णीय मुलीवर जमावाने केलेली शिवीगाळ ऐकून तो मनातून खचला. प्रवासाचा उत्साह तिथेच ओसरला.

‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ हे पुस्तक 1962 च्या मध्यास आले आणि त्याच वर्षी नोबेलही. वाचकांनी ते खरेखुरे प्रवासवर्णन म्हणून उचलून धरले. परंतु 2010 मध्ये बिल स्टायगरवॉल्ड या पत्रकाराने तोच मार्ग पुन्हा धुंडाळला आणि हस्तलिखितही तपासले. स्टाइनबेकच्या कितीतरी रात्री हॉटेल-मोटेलांत गेल्या होत्या. पत्नी इलेन पश्चिम किनाऱ्यावर बराच काळ त्याच्या सोबत होती; छापील पुस्तकातून तिला वगळण्यात आले. पुस्तकातील काही भेटीही घडल्या असण्याची शक्यता कमीच. पुढील आवृत्तीच्या प्रस्तावनेत हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, अशी सूचना छापावी लागली.

वार्ताहराच्या दृष्टीने हा दोष लहान नाही. 1936 मध्ये छावणीतील माणसे त्याने प्रत्यक्ष पाहिली होती आणि त्या लेखनाचे बळ तिथूनच आले होते. चोवीस वर्षांनी वाहन पुष्कळच सोयीचे झाले, पण स्वार दमला होता, आजारी होता आणि एकटेपणाला कंटाळलेला होता. पुस्तकातील सामाजिक निरीक्षणांपेक्षा कुत्र्याशी झालेला संवादच अधिक जिवंत वाटतो, याचे कारण कदाचित हेच.

प्रवासानंतर रोसिनान्ते विकला गेला. 20 डिसेंबर 1968 रोजी न्यूयॉर्क येथे स्टाइनबेकचे निधन झाले आणि त्याची रक्षा सॅलिनासच्या दफनभूमीत विसावली. पुढे बऱ्याच वर्षांनी ट्रकही त्याच गावी आला.