जमिनीत धातू आले कुठून? ५०० वर्षांपूर्वी हा प्रश्न एका डॉक्टरला पडला होता

शिसं, जस्त, तांबं खाणीतून येतं हे सगळ्यांना माहितीये. पण खाणीत ते आलं कुठून?

१६ व्या शतकात याची ठरलेली उत्तरं होती. कुणी म्हणायचं, देवाने पृथ्वी घडवतानाच धातू ठेवून दिले. कुणी म्हणायचं, ग्रहताऱ्यांच्या प्रभावाने ते जमिनीत तयार होतात. ही दोन्ही उत्तरं नाकारली जॉर्ज अ‍ॅग्रिकोला यांनी.

१४९४ साली जर्मनीतल्या सॅक्सनीत त्यांचा जन्म झाला. मूळ आडनाव बाउअर, म्हणजे शेतकरी. त्याचंच लॅटिन रूप अ‍ॅग्रिकोला. इटलीत वैद्यक शिकून १५२७ मध्ये ते जोआखिमस्टाल या चांदीच्या खाणींच्या गावात डॉक्टर झाले. रुग्ण बघून झाले की त्यांचा वेळ खाणीत आणि धातू गाळण्याच्या भट्ट्यांवर जायचा.

तिथे त्यांनी पाहिलं की खनिजं खडकाच्या भेगांमध्ये भरलेली असतात. म्हणजे आधी खडक, मग भेग आणि नंतर खनिज. १५४६ मध्ये त्यांनी लिहिलं की जमिनीखाली फिरणारं पाणी खडकातला अंश विरघळवतं आणि भेगांमध्ये सोडून जातं. हे पाणी तापतं कशाने, हे मात्र त्यांचं चुकलं. जमिनीखाली डांबर जळतं, असं त्यांना वाटायचं.

आजचं विज्ञान काय सांगतं? जमिनीच्या पोटातलं गरम, खारट पाणी जुन्या कठीण खडकांतून झिरपताना शिसं, जस्त, तांबं सोबत घेतं. पुढे ते थंड झालं किंवा त्यात गंधक मिसळलं, की धातू आणि गंधकाची संयुगं भेगेत साचतात. शिशाचं खनिज गॅलेना हे त्यातलंच एक. १९७९ मध्ये प्रशांत महासागराच्या तळाशी शास्त्रज्ञांना सुमारे ३५० अंश तापमानाचं काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली. धातूंची ही संयुगं तिथे डोळ्यांसमोर तयार होत होती.

अ‍ॅग्रिकोला पुढे केमनित्स शहराचे महापौर झाले. प्लेगच्या साथीत त्यांनी तिथल्या रुग्णांवर उपचार केले. पण ते कॅथलिक होते आणि शहर प्रोटेस्टंट. १५५५ मध्ये ते गेले, तेव्हा याच शहराने त्यांना दफनासाठी जागा नाकारली. मृतदेह दुसऱ्या गावी, त्साइट्सला न्यावा लागला.

दुसऱ्याच वर्षी, १५५६ मध्ये, त्यांचं खाणकामावरचं पुस्तक 'दे रे मेतालिका' छापून आलं. पुढची जवळपास दोन शतकं युरोपातले खाणवाले तेच पुस्तक उघडून बघत होते.