सावरकर खटला : ज्यात सावरकर पक्षकारच नव्हते

मार्सेलिस बंदरात ८ जुलै १९१० रोजी सकाळी विनायक दामोदर सावरकर यांनी ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात घेतलेली उडी महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. त्या उडीतून हेग येथे उभा राहिलेला खटला मात्र फारसा कोणाच्या स्मरणात नाही.

भगूर येथे २८ मे १८८३ रोजी जन्मलेले सावरकर फर्ग्युसन महाविद्यालयातील शिक्षणानंतर १९०६ मध्ये बॅरिस्टर होण्यासाठी लंडनला गेले. मार्च १९१० मध्ये तेथे त्यांना अटक झाली. हिंदुस्थानात रवानगी करण्याच्या आदेशाविरुद्ध त्यांनी हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. अपील न्यायालयापर्यंत जाऊनही तो फेटाळला गेला.

मार्सेलिसच्या धक्क्यावर फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडले आणि बोटीवर परत नेले. फ्रान्सच्या भूमीवर पाऊल ठेवलेल्या माणसाला प्रत्यार्पणाच्या कारवाईविना परक्या सत्तेच्या हाती कसे देता येईल, हा प्रश्न मादाम कामा आणि कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँग्वे यांनी पॅरिसमध्ये लावून धरला. फ्रान्सने सावरकरांना परत मागितले. २५ ऑक्टोबर १९१० च्या करारान्वये वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे गेला. तेथे दाद मागायची ती राष्ट्रांनी. ज्याच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता, त्याला तेथे स्थानच नव्हते.

मुंबईच्या विशेष न्यायासनाने हेगची वाट पाहिली नाही. २३ डिसेंबर १९१० रोजी जन्मठेप, ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. एकूण ५० वर्षे. त्यानंतर २४ फेब्रुवारीला बेल्जियमचे माजी पंतप्रधान बेरनार्ट यांच्या अध्यक्षतेखालील पाच लवादांचा निर्णय आला. अटक व ताबा यांत अनियमितता झाली, तरी फ्रेंच पोलिसानेच ताबा दिला आणि ब्रिटनने बळ वा कपट वापरले नाही. सबब परत देण्याचे बंधन नाही, असे त्यांनी ठरवले. फ्रान्सने तो मान्य केला आणि विषय संपला. अंदमानात उरले ते सरकारदरबारी अर्ज करणे. त्या अर्जांवरील वाद अजून शमलेला नाही.

युरोपीय मानवी हक्क न्यायालयात आज व्यक्तीला स्वतः तक्रार नेता येते; १९९८ पासून थेट. मात्र ती दाखल करून घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहिल्या जातात : देशांतर्गत उपाय संपले आहेत काय आणि अंतिम निर्णयापासून चार महिन्यांच्या आत तक्रार आली आहे काय. पहिल्या अटीला अपवाद असतो, उपाय प्रत्यक्षात उपलब्धच नसेल तेव्हा. लंडनमध्ये सावरकरांनी उपाय संपवले होते. फ्रान्सच्या न्यायालयाचे दार ठोठावण्यास मात्र त्यांना अवधीच मिळाला नाही. बोट ९ जुलैलाच सुटली.

१९२४ मध्ये सशर्त सुटका, १९३७ पर्यंत रत्नागिरीची स्थानबद्धता, हिंदू महासभेचे अध्यक्षपद, गांधी हत्या खटल्यातून १९४९ मध्ये निर्दोष मुक्तता, असे पुढचे आयुष्य गेले. व्यक्तीने युरोपीय यंत्रणेकडे तक्रार करण्याचा हक्क ब्रिटनने जानेवारी १९६६ मध्ये मान्य केला. २६ फेब्रुवारी १९६६ रोजी सावरकरांचे मुंबईत निधन झाले.