फिट येणारा थोर लेखक : दोस्तोव्हस्की

मुलांनो, फिट येणाऱ्या माणसाला पुढे काही जमत नाही, असं अजूनही बोललं जातं. ते किती खोटं आहे, हे फ्योदोर दोस्तोव्हस्की यांचं आयुष्य बघितलं की कळतं.

त्यांचा जन्म 1821 साली रशियातील मॉस्को येथे झाला. 1849 मध्ये सरकारविरोधी गटात असल्याबद्दल त्यांना अटक झाली. पुढे चार वर्षे सायबेरियातील ओम्स्कच्या तुरुंगात गेली. तिथे त्यांना अपस्माराचे, म्हणजे फेफऱ्याचे, झटके वरचेवर येऊ लागले.

झटका अचानक यायचा, शुद्ध हरपायची. नंतर कित्येक दिवस मन उदास राहायचं, गोष्टी आठवायच्या नाहीत. तेव्हा खात्रीचं औषधही नव्हतं. तरी 1866 मध्ये त्यांनी 'जुगारी' ही कादंबरी 26 दिवसांत तोंडी सांगून पूर्ण केली. ती लिहून घेणाऱ्या ॲना पुढे त्यांच्या पत्नी झाल्या. 'इडियट' कादंबरीच्या नायकालाही त्यांनी हाच आजार दिला, लपवला नाही.

1878 मध्ये त्यांचा धाकटा मुलगा अल्योशा फिट येऊनच वारला. तो तीन वर्षांचाही नव्हता. ते दुःख पोटात ठेवून त्यांनी 'करामाझोव्ह बंधू' लिहिली, नायकाला अल्योशाच नाव दिलं. 1881 मध्ये त्यांचं निधन झालं.

आज यावर औषधं आहेत. वर्गात कोणाला फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, बाईंना हाक मारा. पाच मिनिटांत थांबली नाही तर लगेच दवाखाना. आणि बरं वाटल्यावर त्याला पुन्हा आपल्या शेजारीच बसवा.