विल्यम केरी आणि उपदेशकांची शाळा

दुकानावर बसविण्यापूर्वीं मुलास आपण हिशेब शिकवितों. पण लोकांस धर्म सांगावयास बसणाऱ्याची विद्या मात्र कोणी तपासून पाहत नाहीं. ह्या बाबतींत ख्रिस्ती मिशनरी विल्यम केरी ह्यांचें चरित्र विचार करण्याजोगें आहे.

केरी ह्यांचा जन्म १७६१ सालीं इंग्लंडांत एका विणकराच्या घरीं झाला. तरुणपणीं ते जोडे शिवीत आणि जवळ पुस्तक ठेवून लॅटिन, ग्रीक व हिब्रू शिकत. १७९३ सालीं ते बंगालमध्यें आले. कंपनी सरकारास मिशनरी नकोसे होते. म्हणून १८०० सालीं ते डेन्मार्कच्या अंमलाखालील श्रीरामपूर येथें राहिले. तेथें मार्शमन व वॉर्ड ह्या सहकाऱ्यांसह त्यांनीं छापखाना चालविला. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजांत ते बंगाली, संस्कृत व मराठी शिकवीत. पंडित वैद्यनाथ ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं १८०५ सालीं मराठीचें व्याकरण व १८१० सालीं कोश छापून काढला. आमच्या भाषेवर त्यांचें हें ऋण आहे.

परदेशी माणसानें कितीहि उपदेश केला, तरी तो लोकांच्या अंतःकरणास भिडणें कठीण. उपदेशक ह्याच मातींतले, आणि तेहि सुशिक्षित असले पाहिजेत, हें केरी ह्यांनीं ओळखलें. त्यासाठीं १८१८ सालीं ह्या तिघांनीं श्रीरामपूर येथें कॉलेज काढलें व त्याच्या इमारतीस स्वतःची कमाई खर्चिली. भावी उपदेशकांस तेथें नुसतें बायबल नव्हे, तर संस्कृत व पाश्चात्य शास्त्रेंहि शिकविण्याची योजना होती. अन्य धर्मांच्या मुलांसहि प्रवेश होता. जातीचा प्रतिबंध नव्हता. १८२७ सालीं डेन्मार्कच्या राजानें कॉलेजास पदव्या देण्याची सनद दिली. १८३४ सालीं केरी वारले. १८४५ सालीं श्रीरामपूर इंग्रजांकडे गेलें, तरी ती सनद कायम राहिली आणि १९१५ सालीं तिच्या आधारें धर्मशास्त्राच्या पहिल्या पदव्या देण्यांत आल्या.

केरी ह्यांचा धर्मांतराचा हेतु आम्हांस मान्य नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. परंतु प्रतिपक्षाच्या तयारीवर नुसतें रागावून स्वतःची तयारी होत नसते. आपल्याकडेहि जोग महाराजांनीं १९१७ सालीं आळंदीस वारकरी शिक्षण संस्था स्थापून हेंच तत्त्व कृतींत आणलें. कळसास व अन्नछत्रास सढळ हातानें देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं आपल्या दानांतील एक वांटा अशा शाळांकडे वळवावा. आणि व्यासपीठावर बसविण्यापूर्वीं माणसाचें कूळ न विचारतां त्याची विद्या व वर्तन विचारावें. जोडे शिवणारा एक गृहस्थ जें करूं शकला, तें आम्हांस अशक्य आहे, असें म्हणण्याची आम्हांस तरी लाज वाटते.