संत जीन जुगान : वृद्धांची धाकटी बहीण

दरवर्षी ३० ऑगस्ट रोजी संत जीन जुगान यांचा सण येतो. वृद्धाश्रमांतील उपेक्षेच्या आणि छळाच्या बातम्या अधूनमधून कानी पडतात, तेव्हा या फ्रेंच व्रतस्थ भगिनीचे चरित्र आवर्जून आठवते.

जीन यांचा जन्म २५ ऑक्टोबर १७९२ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील कॅन्काल या गावी झाला. वडील मासेमारी करीत. जीन लहान असतानाच ते समुद्रावर गेले, ते परतलेच नाहीत. किशोरवयातच जीन एका सधन घराच्या स्वयंपाकघरात कामाला लागल्या. तेथील मालकीणबाई गोरगरिबांच्या भेटीला जाताना त्यांना सोबत नेत. पुढे सेंट सर्वान येथील रुग्णालयात त्यांनी शुश्रूषा केली आणि त्यानंतर एका बाईंच्या घरी बारा वर्षे सेवा केली.

१८३९ च्या हिवाळ्यात जीन यांनी अ‍ॅन शोव्हँ या अंध, पक्षाघाताने पीडित विधवेला घरी आणले. तिला आपला पलंग दिला आणि स्वतः माळ्यावर झोपू लागल्या. तेव्हा त्या ४७ वर्षांच्या होत्या. मग दुसरी वृद्धा आली, तिसरी आली. यांतील अनेकजणी भीक मागून जगत. त्यांना दारोदार हिंडावे लागू नये म्हणून जीन यांनी स्वतः टोपली हाती घेतली. एकदा एका इसमाने चिडून त्यांना थप्पड मारली. ती आपल्यासाठी समजून घेत त्यांनी आपल्या गरिबांसाठी पुन्हा हात पुढे केला, असे सांगितले जाते. ज्यांना शक्य होते त्या वृद्धा सूत कातीत. आपण कोणावर भार आहोत असे त्यांना वाटू नये, ही त्यामागची दृष्टी होती.

यातूनच ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर’ हा संघ उभा राहिला. डिसेंबर १८४३ मध्ये भगिनींनी जीन यांना पुन्हा प्रमुख निवडले. परंतु संघाचे मार्गदर्शक फादर ल पायर यांनी काही दिवसांतच ती निवड रद्द केली. १८४५ मध्ये फ्रेंच अकादमीने जीन यांचा पुरस्कार देऊन गौरव केला. तरीही १८५२ मध्ये त्यांना मातृगृहात बोलावून बाहेरच्या कार्यापासून दूर ठेवण्यात आले. पुढची २७ वर्षे त्या तेथे अज्ञातवासात राहिल्या. आपल्या शेजारी बसलेली ही वृद्धा संघाची संस्थापिका आहे, हे तरुण भगिनींना ठाऊकही नव्हते. २९ ऑगस्ट १८७९ रोजी त्या ख्रिस्तवासी झाल्या, तेव्हा संघात सुमारे २४०० भगिनी होत्या. १८९० मध्ये रोमने फादर ल पायर यांना पदावरून दूर केले आणि सत्य हळूहळू उजेडात आले. जीन यांना १९८२ मध्ये धन्य आणि २००९ मध्ये संत घोषित करण्यात आले.

जीन यांनी आपले मौन प्रभूला अर्पण केले. ते त्यांचे स्वतःचे अर्पण होते. तसे मौन कोणाही असहाय वृद्धावर लादण्याचा अधिकार आपल्याला नाही. वृद्धांसाठी स्थापन झालेल्या पवित्र संस्थेतही अधिकाराला कोणी प्रश्न विचारला नाही, म्हणून अन्याय इतकी वर्षे झाकून राहिला. म्हणूनच संस्थेचे नाव चांगले आहे एवढ्यावर आपण निश्चिंत राहू नये.

वृद्धाश्रमातील आपल्या माणसाला वेळीअवेळी भेटावे. अंगावरील न उलगडणारे वळ, पाठीवरच्या जखमा, झपाट्याने घटलेले वजन, मळके अंथरूण, हिशेब न लागणारे पैसे, सेविका जवळ येताच मिटणारे तोंड, या खुणा दुर्लक्षू नयेत. एकांतात शांतपणे विचारावे, ऐकलेले तारखेसह लिहून ठेवावे, डॉक्टरांना दाखवावे आणि व्यवस्थापनाकडे लेखी तक्रार करावी. जिवाला धोका असेल तर पोलिसांना तत्काळ कळवावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

जीन यांनी त्या हिवाळ्यात एकाच वृद्धेसाठी दार उघडले होते. आपल्या धर्मग्रामातील ज्या आजी-आजोबांना भेटायला कोणी जात नाही, त्यांच्यापासून आपणही सुरुवात करू या.