सूर्याला झाकणारा माणूस

रात्री समोरून गाडी आली की तिच्या दिव्यांनी तुमचे डोळे दिपतात. दिव्यांच्या शेजारी कोण उभं आहे, ते दिसतच नाही. मग तुम्ही काय करता? हात पुढे धरून दिवा झाकता. आणि काय गंमत! शेजारचा माणूस दिसायला लागतो.

फ्रान्समधल्या बर्नार लिओ यांनी हेच केले. फक्त त्यांचा दिवा होता सूर्य!

लिओ यांचा जन्म १८९७ साली पॅरिसमध्ये झाला. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे ते इंजिनिअर झाले, पण त्यांचं मन रमलं आकाशात. पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेत ते काम करू लागले.

सूर्याभोवती तापलेल्या वायूचे एक प्रभामंडल असते. त्याला करोना म्हणतात. (हो, हे नाव तुम्ही विषाणूमुळे ऐकलं असेल!) करोना सूर्यापेक्षा सुमारे दहा लाख पटींनी फिकट असतो. त्यामुळे तो फक्त खग्रास सूर्यग्रहणात दिसायचा, तोही जेमतेम काही मिनिटं. शास्त्रज्ञ त्यासाठी दूरदूरचा प्रवास करत. नेमका तेव्हाच ढग आला, की संपलं!

मग दुर्बिणीतच खोटं ग्रहण केलं तर? ही कल्पना जुनीच होती. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी प्रयत्न केले, पण ते फसले. आत चकती बसवून सूर्य झाकला, तरी त्याचा प्रकाश इकडेतिकडे पसरायचा आणि करोना त्यात बुडून जायचा.

लिओ यांनी चोर पकडावा तसा हा प्रकाश पकडला. काचेतला बुडबुडा, भिंगावरचा ओरखडा, धुळीचा कण, सगळेच चोर! म्हणून त्यांनी निर्दोष काचेचे भिंग घेतले. दुर्बिणीच्या नळीला आतून दाट तेल लावले, म्हणजे धूळ तिथेच चिकटेल. भिंगाच्या कडेवरून वळून येणारा प्रकाश अडवायला आणखी एक पडदा बसवला. त्या पडद्याला आज लिओंचंच नाव आहे.

पण हवेतल्या धुळीचं काय? त्यासाठी ते पिरेनीज पर्वतातल्या पिक दु मिदी या शिखरावर गेले. उंची २८७७ मीटर! १९३० साली तिथून त्यांना ग्रहण नसतानाही करोना दिसला. या यंत्राचं नाव करोनाग्राफ.

१९५२ साली लिओ ग्रहण पाहायला सुदानला गेले. ग्रहणाची वाट पाहण्याची गरज ज्यांनी कमी केली, त्यांनाही खऱ्या ग्रहणाची ओढ होतीच. परतताना इजिप्तमध्ये, रेल्वेच्या प्रवासात, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. वय होते अवघे ५५ वर्षे.

त्यांची युक्ती मात्र पुढे गेली. १९८४ साली चिलीमधल्या दुर्बिणीतून दोन शास्त्रज्ञांनी सूर्याऐवजी एक तारा झाकला. त्या तरुण ताऱ्याचं नाव बीटा पिक्टोरिस. तारा झाकल्यावर त्याच्याभोवती धुळीची मोठी तबकडी दिसली! पुढे त्याच तबकडीत ग्रहही सापडले. तरुण ताऱ्यांभोवतीच्या अशाच तबकड्यांमध्ये ग्रह जन्माला येतात. आपली पृथ्वीही अशीच जन्मली.

म्हणजे बघा, लिओ आयुष्यभर ज्या धुळीशी भांडले, त्यांच्या युक्तीमुळे शेवटी धूळच दिसली. फक्त ही धूळ ताऱ्याभोवतीची होती.

आज रात्री रस्त्यावरचा दिवा अंगठ्याने झाकून बघा. त्याच्या आजूबाजूला काय काय दिसतं? पाच वाक्यं लिहा. पण सूर्याकडे असं कधीही बघायचं नाही हं!